नाळेतील पेशींचे स्राव आणि विदर्भातील सिकलसेल

बाळाची नाळ कापली की तिचे कार्य संपले, असे आपण मानतो. पूर्वी खेडोपाडी सुईण ती वारेसह परसात पुरीत असे; आज रुग्णालयात ती जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. सुमारे अर्धा मीटर लांबीच्या या दोरीकडे वैद्यकशास्त्र मात्र गेली काही दशके निराळ्या दृष्टीने पाहू लागले आहे. नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांतील कुटुंबांच्या दृष्टीने हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. नाळेतील मूलपेशींविषयीच्या जाहिराती प्रसूतीपूर्वीच घरापर्यंत पोहोचतात. ज्या घरी सिकलसेलचा रुग्ण आहे, तेथे त्या अधिक आशेने वाचल्या जातात. त्यांतील खरे किती, हे ग्रामपंचायतीच्या सदस्याला वा शिक्षकाला केव्हा ना केव्हा विचारले जातेच.

नाळेत दोन रोहिण्या व एक नीला असते. त्यांच्याभोवती जेलीसारखा मऊ, चिकट पदार्थ असतो. थॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्याने १६५६ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्यास व्हार्टनची जेली म्हणतात. येथे एक भेद प्रथमच स्पष्ट केला पाहिजे, कारण पुढील सारा गोंधळ तो न कळल्यामुळे होतो. नाळेतील रक्तात रक्त निर्माण करणाऱ्या मूलपेशी असतात. जेलीत मेसेंकायमल नावाच्या वेगळ्या पेशी असतात. रक्तातील मूलपेशींचा उपयोग सिद्ध झालेला आहे. १९८८ मध्ये पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी एका पाच वर्षांच्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त देऊन अनुवंशिक रक्तविकारातून बरे केले. जेलीतील पेशींची कथा अद्याप पूर्ण व्हावयाची आहे.

गवंडी नव्हे, मुकादम

आरंभी शास्त्रज्ञांची कल्पना अशी होती की, या पेशी शरीरात सोडल्या म्हणजे त्या जखमी जागी जाऊन बसतील आणि पडक्या भिंतीत नवी वीट बसावी तशी नवी ऊती तयार करतील. प्रयोगांत गुण दिसला, परंतु सोडलेल्या पेशी शोधू गेल्यास त्यांतील फारच थोड्या जागेवर टिकलेल्या आढळत. मग गुण आला कशाने? या पेशी ज्या द्रवात वाढविल्या, तो द्रव पेशी काढून टाकून वापरला तरीही प्राण्यांमध्ये बराचसा तोच परिणाम दिसू लागला. म्हणजे ही पेशी स्वतः भिंत बांधणारा गवंडी नसून, इतरांना हाक मारून कामास लावणारा मुकादम आहे. 'मेसेंकायमल मूलपेशी' हे नाव १९९१ मध्ये रूढ करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ आर्नोल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये हे नाव बदलावे आणि तीस संकेत देणारी औषधी पेशी म्हणावे, असे सुचविले. आपण दिलेले नाव आपणच मागे घेण्याचा हा प्रामाणिकपणा विरळाच.

या स्रावात वाढीस चालना देणारी प्रथिने असतात, दाह कमी-अधिक करणारी द्रव्ये असतात आणि एक्सोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात. एक्सोसोमचा आकार मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका. १९८३ मध्ये मेंढीच्या अपक्व तांबड्या रक्तपेशींचा अभ्यास करताना या पिशव्या आढळल्या, तेव्हा पेशी नको असलेला माल बाहेर टाकीत असावी, असेच वाटले होते. पुढे त्यांत प्रथिनांबरोबर आनुवंशिक संदेशही एका पेशीकडून दुसरीकडे जातात, हे उघड झाले. नाळेप्रमाणेच येथेही कचरा समजलेली वस्तू कामाची निघाली.

प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर हे स्राव दाह शमवितात, नव्या केशवाहिन्या फुटण्यास मदत करतात, मरू घातलेल्या पेशींना तगवितात. जिवंत पेशी न देता केवळ स्राव द्यावयाचा असल्याने पेशी अनिर्बंध वाढण्याची भीती राहात नाही, आणि साठवणूकही सोपी होते. तथापि प्रत्येक नाळेचा स्राव सारखा नसतो. त्याची मात्रा कशाने मोजावी यावरही एकमत झालेले नाही. शिवाय जी द्रव्ये जखमेत रक्तवाहिन्या वाढवितात, ती कर्करोगाच्या गाठीलाही रक्त पुरवू शकतील, ही शंका दूर व्हावयाची आहे.

सिकलसेलच्या रुग्णास याचा उपयोग काय?

मध्य भारतातील सिकलसेलची नोंद नागपूरच्या शुक्ला व सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात केली. या रोगात हिमोग्लोबिनच्या एका जनुकातील दोषामुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. खुब्याच्या सांध्यातील हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटून तरुण वयातच पाय लंगडा होतो; घोट्यापाशी दीर्घकाळ न भरणारे व्रण होतात. अशी हाडे व असे व्रण भरून काढण्यासाठी मेसेंकायमल पेशी व त्यांचे स्राव उपयोगी पडतील काय, याचे संशोधन निरनिराळ्या देशांत चालू आहे. ते यशस्वी झाले तर विदर्भातील रुग्णांचे मोठे दुःख हलके होईल. परंतु मूळ जनुकदोष स्रावाने जात नाही. हे सांगणे कटू असले तरी सांगितलेच पाहिजे.

दोष मुळापासून जावयाचा तर रक्त निर्माण करणाऱ्या निरोगी मूलपेशींचे रोपण करावे लागते, आणि त्या जुळणाऱ्या भावंडाकडून मिळण्याचा संभव अधिक. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याचा संभव चारात एक असतो. ज्या घरी एक मूल रुग्ण आहे, तेथे दुसऱ्या बाळाच्या नाळेतील रक्त डॉक्टरांच्या सल्ल्याने जपून ठेवण्यास अर्थ आहे. मात्र रुग्ण बालकाचे स्वतःचे नाळेतील रक्त त्याच्या सिकलसेलवर निरुपयोगी होय, कारण त्यातही तोच जनुकदोष असतो. 'बाळाचे रक्त बाळासाठी' हजारो रुपये भरून राखून ठेवा, असे सांगणारी पत्रके ही गोष्ट सहसा छापीत नाहीत. अशा स्वतःपुरत्या साठवणुकीस शास्त्रीय आधार नाही, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद आहे.

इंजेक्शनापूर्वी विचारावयाचे

घाईची किंमत परदेशांत लोकांनी मोजलेली आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये नाळेतील रक्तापासून केलेल्या, मान्यता नसलेल्या औषधाची इंजेक्शने घेतलेल्या बारा जणांना गंभीर जंतुसंसर्ग झाल्याची नोंद झाली. डिसेंबर २०१९ मध्ये तेथील औषध प्रशासनाने एक्सोसोमच्या इंजेक्शनांविषयी जाहीर इशारा दिला. आपल्याकडे २०१९ च्या औषध व चिकित्सा चाचणी नियमांनुसार मूलपेशींपासून केलेली द्रव्ये नवी औषधे ठरतात. औषध महानियंत्रकांच्या परवानगीवाचून त्यांची चाचणीही करता येत नाही, मग विक्री दूरच.

यास्तव कोणी सिकलसेल, संधिवात वा मधुमेह यांवर नाळेच्या स्रावाचे इंजेक्शन देऊ करील, तर चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारावा. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही सर्वांस खुली आहे. दुसरे, पैसे मागितले जातात काय ते पाहावे. खऱ्या चाचणीत प्रायोगिक औषधाचे मोल रुग्णाकडून घेतले जात नाही, आणि अपाय झाल्यास भरपाईची तरतूद असते.

दरम्यान रुग्णास आज उपलब्ध असलेले उपचार थांबवू नयेत. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने वेदनांचे झटके कमी होतात. नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या मेयोत, बालकांवर अल्प मात्रेची रीतसर चाचणी होऊन तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. हिमोग्लोबिनच्या विकारांवरील संशोधन व उपचारांचे केंद्र चंद्रपूर येथे डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले, आणि जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे. विवाहापूर्वी व गर्भारपणात पति-पत्नी दोघांची तपासणी झाली, तर नाळ जपून ठेवण्याचा प्रश्न कोणत्या घरी खरोखर उद्भवतो, हे प्रसूतीच्या बऱ्याच आधी कळते.