किशोरवयीन मेंदू आणि मद्य

१९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्याच्या कल्याणीनगर भागात भरधाव मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. मोटार चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा होता. अपघातापूर्वी त्याने मित्रांसह मद्यप्राशन केले होते, असे पोलिसांनी सांगितले. महाराष्ट्रात बिअरसाठी २१, तर देशी-विदेशी दारूसाठी २५ वर्षे वयाची अट आहे. ती अनेकांना जाचक वाटते. मात्र शरीरशास्त्र तिच्याच बाजूने आहे.

परिणामांचा विचार करणारा आणि आवेग रोखणारा मेंदूचा पुढील भाग साधारणतः पंचविशीपर्यंत परिपक्व होत असतो. मद्यार्क नेमका याच नियंत्रणावर आघात करतो. आधीच सैल असलेला लगाम सुटतो. त्यातच मित्र सोबत असले की धोका पत्करण्याची ओढ वाढते. प्राण्यांवरील प्रयोगांतून आणखी एक बाब समोर आली आहे. कोवळ्या वयात मद्याची गुंगी प्रौढांच्या तुलनेत कमी येते, स्मरणशक्तीवर मात्र अधिक परिणाम होतो. 'मला चढलेली नाही' म्हणणारा मुलगा खोटे बोलत असेलच असे नाही. थांबण्याची खूणच त्याला उशिरा मिळते.

यकृत मद्यार्काचा निचरा आपल्याच संथ गतीने करते. काळी कॉफी वा थंड पाण्याची आंघोळ ती गती वाढवत नाही. अल्पावधीत भरपूर मद्य घेतल्यास रक्तातील साखर घटते, श्वसन मंदावते. बेशुद्धावस्थेत उलटी श्वासनलिकेत जाऊन मृत्यूही ओढवतो. अशा मुलाला 'झोपू द्या, उतरेल' म्हणून एकटे सोडू नये. त्याला कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.