निवृत्तीच्या पैशातला दशांश

दौंड आणि शिरूर हे शेजारचे तालुके, पण म्हातारपणच्या पैशाच्या बाबतीत दोन वेगळी जगं. दौंड रेल्वेचं जंक्शन. २००४ पूर्वी रेल्वेत लागलेल्याला तहहयात पेन्शन, त्यावर महागाई भत्ता; शिवाय निवृत्त होताना फंड, ग्रॅच्युइटी आणि चाळीस टक्क्यांपर्यंत पेन्शन 'विकून' आलेले पैसे. शिरूर तालुक्यात रांजणगावच्या एमआयडीसीत राबलेल्या कामगाराच्या हाती मात्र पीएफची एकरकमी रक्कम येते, ती शेवटची. त्याला पेन्शन असते, पण ती मोजायची वेतनमर्यादा १५,००० रुपये. त्यामुळे ३३ वर्षं भरली तरी महिना साडेसात हजारांच्या आसपास. तीही वाढत नाही.

चर्चच्या उपासनेत दशांशाचा, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याचा, विषय निघतो तेव्हा दोघंही एकाच बाकावर असतात. पगारातून कापल्या गेलेल्या रकमेवरही दशांश दिला असेल, तर फंडातल्या स्वतःच्या वर्गणीवर तो पुन्हा द्यायचा का? माझ्या मते नाही. उरतो मालकाचा वाटा आणि व्याज. पण तिथेही घाई नको. गठ्ठा म्हणजे एका महिन्याची कमाई नव्हे, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांची भाकरी आहे. रेल्वेवाल्याने पेन्शनमधून द्यावं, कारखान्यातल्याने व्याजातून. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल ३० लाख ठेवता येतात. ८.२ टक्के दराने दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात, त्याचा दशांश ६,१५०. मुद्दलाला हात लागत नाही. अर्थात व्याज पाच वर्षं तेवढंच राहतं आणि औषधं महागतात, हेही धरून चालावं.

दौंड तालुक्यातच, केडगावला, उत्पन्नावर भागवण्याचा हा हिशेब सव्वाशे वर्षांपूर्वी मांडला गेला होता. पंडिता रमाबाईंच्या कामासाठी १८८७ साली बोस्टनमध्ये मंडळ स्थापन झालं, तेव्हा मदतीचं वचन दहा वर्षांचं होतं. मुदत संपल्यावर काय, म्हणून रमाबाईंनी केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली. उत्पन्नावर घर चालावं हा बेत. १८९६-९७ च्या दुष्काळात मुलींचे लोंढे आले आणि बेत कोलमडला. पुढे हे घर, म्हणजे मुक्ती सदन, लोकांच्या देणग्यांवरच चाललं. रमाबाईंच्या श्रद्धेला ते पेललं. सत्तरीतल्या विधुराने ते धाडस करू नये, असं मी स्पष्टच म्हणेन.

करसवलतीचा गैरसमज मोठा आहे. अमेरिकेत साडेसत्तर वर्षांवरचा माणूस निवृत्ती खात्यातून थेट चर्चला रक्कम पाठवू शकतो, तीवर कर लागत नाही. आपल्याकडे तशी सोय नाही. ८०जी नावाने ओळखली जाणारी देणगीवरची वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही. जुन्या प्रणालीतही दोन हजारांवरचं रोख दान धरत नाहीत, आणि एकाच धर्मसमाजासाठी असलेली संस्था सहसा त्यात बसत नाही. त्यामुळे चर्चच्या पिशवीत टाकलेलं अर्पण श्रद्धेचं. पावती मागायची ती नोंदणी असलेल्या दवाखान्याची किंवा वसतिगृहाची.

मुद्दल द्यायचंच असेल तर मृत्युपत्राने द्यावं. इथे एक विचित्र इतिहास आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ११८ सांगे की, पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचं माणूस असलेल्याने धर्मादायासाठी काही ठेवलं, तर मृत्युपत्र मरणाच्या किमान १२ महिने आधीचं हवं आणि केल्यापासून सहा महिन्यांत कायद्याने ठरवलेल्या ठिकाणी जमा झालेलं हवं. म्हणजे अकराव्या महिन्यात माणूस गेला की दान रद्द! हिंदू-मुसलमानांना हे बंधन नव्हतं. ख्रिस्ती माणसावर मात्र होतं. मरणाऱ्याच्या उशाशी पाळक बसून लिहून घेईल, ही त्यामागची जुनी इंग्रजी धास्ती. केरळचे धर्मगुरू जॉन वल्लमट्टम यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली हे कलम समानतेविरुद्ध ठरवून रद्द केलं.

आता दोन साक्षीदारांसमोर केलेलं साधं मृत्युपत्र पुरतं. ज्याला काही मिळणार आहे त्याने मात्र साक्षीदार होऊ नये. नाव 'आमचं चर्च' असं मोघम लिहू नये. मालमत्ता ज्या ट्रस्टच्या नावावर असते त्याचं पूर्ण नाव आणि धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक लिहावा. रांजणगावच्या कामगारासाठी आणखी एक गोष्ट: कुटुंब असलेल्याला पीएफच्या नॉमिनेशनमध्ये घरच्यांचीच नावं देता येतात. तिथे चर्चचं नाव टाकलं तर ते नॉमिनेशनच बाद होतं.