रिकामा पडदा म्हणजे भक्कम जमीन नव्हे

कुठे रस्ता खचला की लगेच मागणी होते, शहरभर जीपीआर फिरवा. मागणी रास्त आहे. जीपीआर म्हणजे भूवेधी रडार, आणि ते न खोदता जमिनीखालचा अंदाज घेण्याचं उत्तम साधन आहे. पण त्याच्याबद्दलचा एक समज जिवावर बेतू शकतो: पडद्यावर काही दिसलं नाही, म्हणजे खाली सगळं ठीक आहे.

हे यंत्र जमिनीचा फोटो काढतं असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अँटेना रेडिओलहरींचा स्पंद खाली सोडतो आणि तो परतायला किती नॅनोसेकंद लागले ते नोंदवतो. लहर परतते ती पदार्थाचे विद्युत गुणधर्म जिथे एकदम बदलतात तिथून: माती संपून हवा लागली, पाणी लागलं, काँक्रीट लागलं. खोलीचा आकडा या वेळेवरून मांडलेलं गणित असतं. समजा, लहर 20 नॅनोसेकंदांनी परतली. मातीतला तिचा वेग नॅनोसेकंदाला 10 सेंटिमीटर धरला, तर वस्तू 1 मीटरवर आहे. माती ओली असून वेग 6 सेंटिमीटरच असेल, तर तीच वस्तू 60 सेंटिमीटरवर आहे. पोकळीत हा घोळ आणखी वाढतो. हवेत लहर नॅनोसेकंदाला 30 सेंटिमीटर जाते. त्यामुळे 60 सेंटिमीटर उंचीची रिकामी जागा ती 4 नॅनोसेकंदांत खालीवर पार करते, आणि मातीच्या वेगाने काढलेल्या चित्रात ती पोकळी जेमतेम 20 सेंटिमीटरची दिसते. किरकोळ म्हणून सोडून दिलेली खूण प्रत्यक्षात मांडीपर्यंत पाय जाईल एवढी असू शकते.

‘रडार कितीही खोल पाहतं’ हा दुसरा समज. रस्त्याच्या कामाला साधारण 400 मेगाहर्ट्झच्या आसपासचा अँटेना वापरतात. चांगल्या, कोरड्या जमिनीत तो दोन-तीन मीटरपर्यंत उपयोगी पडतो. फ्रिक्वेन्सी कमी केली की लहर जास्त खोल जाते, पण मग लहान पोकळ्या निसटतात. त्यात आपली काळी माती! चिकणमातीचं प्रमाण जास्त आणि ओल धरून ठेवणारी, त्यामुळे ती लहरींची ऊर्जा शोषून घेते. पावसाळ्यानंतर अशा भरावावर कधी कधी मीटरभरसुद्धा दिसत नाही. किनाऱ्यावर खारं पाणी मुरलेल्या जमिनीत तर अवस्था त्याहून वाईट. कोरड्या मुरमात आणि ताज्या बेसाल्टमध्ये मात्र हेच यंत्र छान काम करतं. म्हणून परदेशातल्या वाळूवरचे खोलीचे आकडे इथल्या निविदेत उतरवून घेऊ नयेत.

जपानमधल्या सैतामा प्रांतात, याशिओ शहरात, 28 जानेवारी 2025 रोजी रस्ता खचला आणि एक ट्रक चालकासह आत गेला. चालकाचा जीव वाचला नाही. तिथली सांडपाण्याची मुख्य वाहिनी सुमारे 10 मीटर खोल होती, व्यास 4.75 मीटर. जपानात रस्त्यांची रडारने तपासणी अनेक वर्षं होते आहे. पण गाडीवर बसवलेल्या रडारची नजर साधारण पहिल्या दोन मीटरपर्यंतच पोचते. अशा पोकळीची सुरुवात खाली होते. वाहिनीला भेग पडते, भोवतीची माती पाण्याबरोबर आत वाहून जाते आणि रिकामी जागा हळूहळू वर सरकते. वरचं डांबर काही काळ तसंच तोलून राहतं. रडारला ती दिसते तेव्हा ती डांबराच्या जवळ आलेली असते. म्हणून एकदा फिरवून भागत नाही, ठरावीक काळाने परत फिरवावं लागतं. आणि खोल वाहिन्यांसाठी आतून कॅमेरा घालण्याला पर्याय नाही.

‘पाणी भरलेली पोकळी दिसत नाही’ हेही खरं नाही. मातीतून पाण्यात जाताना लहर चांगलीच परावर्तित होते. फक्त हवेच्या पोकळीपेक्षा तिची कला (फेज) उलटी असते, आणि जाणकार ते पाहूनच दोन्हींतला फरक ओळखतो. अडचण येते ती वर लोखंड असेल तेव्हा. 13 जून 2021 रोजी मुंबईत घाटकोपरला एका सोसायटीच्या आवारात उभी मोटार बघता बघता जमिनीत बुडाली. खाली जुनी विहीर होती आणि तिच्या काही भागावर आरसीसी टाकून तिथे गाड्या लावत. स्लॅबमधल्या सळया दाट असल्या, तर बरीचशी ऊर्जा वरच्या वर परतते. अशा ठिकाणी जुने नकाशे काढून पाहावेत, आणि ‘इथे विहीर होती का हो?’ असं त्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना जरूर विचारावं.

रडारच्या लहरी अपायकारक नसतात, त्यांची शक्ती अगदी कमी असते. ते सोनं ओळखतं ही निव्वळ थाप आहे. धातू आहे एवढं कळतं, कोणता ते नाही.

पोकळीची खूण दिसली की पोकळी सापडलीच, हा समज तज्ज्ञांनाही चकवतो. 2015 मध्ये इजिप्तमधल्या तुतनखामेनच्या थडग्यात रडारने भिंतींमागे दालनं असल्याचा निष्कर्ष निघाला आणि जगभर बातम्या झाल्या. पुढच्या वर्षी झालेल्या दुसऱ्या तपासणीत त्याला दुजोरा मिळाला नाही. मग तुरिनच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाच्या पथकाने वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींची रडार यंत्रणा वापरून पुन्हा पाहिलं आणि 2018 मध्ये दालनं नाहीत असं स्पष्ट केलं. ज्यांच्याकडे गडाखालचं भुयार रडारने ‘सिद्ध’ झाल्याचं सांगितलं जातं, त्यांनी हे प्रकरण वाचावं.

तेव्हा अहवाल हातात आला की त्यात पुढच्या गोष्टी शोधाव्यात. अँटेना किती मेगाहर्ट्झचा होता? लहरीचा वेग त्याच जागी मोजला, की पुस्तकातून घेतला? लहर प्रत्यक्षात किती खोल पोचली? रेघा किती अंतराने मारल्या? यंत्र रेघेच्या जवळचंच पाहतं, दोन रेघांमध्ये दोन मीटर सोडले तर मधली पोकळी तशीच राहते. आणि संशयाच्या जागी छोटं बोअर घेऊन कॅमेरा सोडला का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असेल, तर काम अर्धंच झालं आहे आणि उरलेल्याचे पैसे मंजूर करून घ्यावेत.