प्रबंधाचा विषय वर्गातच आहे

शिक्षकाने पदव्युत्तर पदवीसाठी अध्यापन-अध्ययनावर प्रबंध लिहावयाचे योजिले म्हणजे पहिली अडचण विषयाची येते. ‘गोमंतकातील मराठी शिक्षण’ असा भव्य मथळा त्यास प्रथम सुचतो. अशा मथळ्यात सर्वच काही मावते, पण सिद्ध काहीच होत नाही. 1985 साली गोवा विद्यापीठ स्थापन झाले व संशोधनाची सोय घराजवळ आली. विषयही तितकाच जवळ आहे.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात पाहिले की आदिवासी मुले गुरे राखावयास जातात, म्हणून शाळेत येत नाहीत. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. प्रश्न मुलांच्या जीवनातून निघाला, म्हणून उत्तरही त्यांच्या उपयोगी पडले.

आमच्या भागातील उदाहरण पाहा. पेडणे, डिचोलीकडील पुष्कळ मुले घरी कोकणी बोलतात आणि शाळेत मराठी लिहितात. एखादा मुलगा निबंधात लिहितो, ‘मी उद्या येना.’ कोकणीत ‘हांव येना’ हे निर्दोष वाक्य आहे. मुलाने सर्वनाम बदलले, क्रियापद मात्र घरचेच ठेवले. कोणी मुलगी धाकट्या बहिणीविषयी ‘ते आले’ असे लिहिते, कारण कोकणीत लहान मुलीचा उल्लेख नपुंसकलिंगी होतो. अशा वाक्यांवर आम्ही कित्येक वर्षे तांबडी रेघ ओढली आणि मुलांना निष्काळजी ठरविले. त्यामागे नियम आहे, हे ध्यानी यावयास फार उशीर झाला.

येथेच प्रबंधाचा प्रश्न सापडतो : दोन्ही भाषांतील नकारार्थी रूपे शेजारी मांडून शिकविल्यास पाचवीच्या मुलांच्या चुका कमी होतात काय? प्रश्न लहान आहे, म्हणूनच तो तपासता येतो. दोन तुकड्यांची आरंभी सारखीच चाचणी घ्यावी. एकीस नेहमीच्या रीतीने, दुसरीस नव्या रीतीने शिकवावे. शिक्षक व वेळ शक्यतो समान ठेवावा. अखेरीस पुन्हा चाचणी घ्यावी, आणि महिन्याभराने आणखी एकदा, म्हणजे शिकलेले टिकले की नाही ते कळेल. पालकांची संमती घ्यावी, मुलांची नावे गुप्त राखावीत. नवी रीत गुणकारी ठरल्यास पहिल्या तुकडीसही तिचा लाभ द्यावा.

फरक दिसला नाही, तर तसेच लिहावे. मार्गदर्शकास रुचेल असा निष्कर्ष आधी ठरवून आकडे त्यास जुळविणे ही विद्येशी प्रतारणा होय. शिवाय दोन तुकड्यांवरून साऱ्या गोमंतकाविषयी विधान करण्याचा मोहही आवरला पाहिजे.

पदवी शिक्षकाच्या नावापुढे लागेल, ते योग्यच आहे. परंतु प्रबंध पुरा झाल्यावर ‘मी येना’ लिहिणाऱ्या मुलाची वही त्याने अधिक समजुतीने तपासली, तरच ते श्रम वर्गापर्यंत पोहोचले असे आम्ही म्हणू.