भोपळ्याच्या पानावरील पांढरे डाग

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तांबड्या भोपळ्याचा वेल बहुधा परसात, गोठ्यामागे, उकिरड्याच्या कडेला किंवा मळ्याच्या बांधावर लावला जातो. त्याला ऊस, हळद अथवा द्राक्ष यांचा मान नाही, आणि म्हणूनच त्याच्या पानावर काही विकृती दिसली की तिची रीतसर चौकशी न होता, शेजारच्या पिकासाठी कालवलेल्या औषधातले जे काही पंपात उरले असेल ते त्याच्यावर मारले जाते. या प्रघाताने पैसा वाया जातो, औषधाचा अंश घरच्या भाजीत उतरतो, आणि रोग बहुतेक वेळा जिथल्या तिथेच राहतो. औषध मारण्यापूर्वी ते पान हातात घेऊन, उलटे करून, दोन्ही अंगांनी पाहावे एवढाच माझा आग्रह आहे.

सर्वांत रूढ गैरसमज असा, की पान पांढरे दिसले म्हणजे भुरी आलीच. आपल्याकडील पुष्कळ भोपळे ज्या जातीत मोडतात, त्या कुकुर्बिटा मॉस्काटा नावाच्या जातीच्या अनेक वाणांत पानांच्या शिरा जेथे फुटतात त्या बेचक्यांत रुपेरी-पांढरे ठिपके उपजतच असतात. ते आनुवंशिक आहेत. पानाच्या वरच्या त्वचेखाली हवेच्या सूक्ष्म पोकळ्या राहतात, त्यांवरून प्रकाश परतून येतो आणि डोळ्यांस तो भाग पांढरा भासतो. असे ठिपके वेलाच्या जवळजवळ प्रत्येक पानावर, शिरांच्या अनुरोधाने, एकाच नमुन्याचे दिसतात, आणि बोटाने कितीही चोळले तरी पुसले जात नाहीत. भुरीचा डाग याच्या उलट. तो गोल असतो, शिरांची तमा बाळगीत नाही, प्रथम जुन्या व सावलीतल्या पानांवर उमटतो, पानाच्या दोन्ही अंगांस येतो, आणि बोट फिरवले की पिठासारखी बुकटी बोटाला लागते. रुपेरीपणाचा तिसराही एक प्रकार आहे, आणि त्याने जाणत्यांचीही फसगत होते: पांढऱ्या माशीची पिले पानांच्या खालच्या बाजूस रस शोषू लागली की नव्या पानांच्या शिरा व पुढे सबंध पान चांदीचा वर्ख दिल्यासारखे चकाकू लागते. तेथेही बोटाला काही लागत नाही. मात्र पान उलटताच अपराधी सापडतो. तीन कारणे, तीन वेगळे निकाल, आणि त्यांपैकी बुरशीनाशकाची गरज फक्त एकाच ठिकाणी.

भुरी पावसाने येते, ही समजूतही अशीच दृढ आहे. वस्तुतः बहुतेक बुरश्यांना रुजण्यासाठी पानावर पाण्याचा थेंब लागतो, परंतु भुरीच्या बीजाणूंना तो लागत नाही, उलट साचलेल्या पाण्याने त्यांचे नुकसान होते. हवेतली आर्द्रता, सौम्य उष्णता आणि वेलाची दाटी एवढ्यावर त्यांचे भागते. म्हणून माण, खटाव, आटपाडी, जत या ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या टापूंतही, पाऊस सरल्यावर कोरड्या दिवसांत, ती सुखेनैव पसरते. पाणी ज्याला हवे असते तो रोग निराळा, तो केवडा. महाबळेश्वरास वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या डोंगराच्या कुशीतल्या जावळी-पाटणच्या खोऱ्यांत, आणि पूर्वेकडेही दवाच्या रात्री पडू लागल्या की, काही तास ओल्या राहिलेल्या पानांवर केवड्याचा अंमल सुरू होतो. त्याला १५ ते २० अंशांची थंड हवा विशेष मानवते. पानाच्या वरच्या अंगास पिवळे डाग पडतात. काकडीवर ते शिरांनी आखल्यासारखे कोनाकृती असतात, भोपळ्यावर त्यांच्या कडा तितक्या रेखीव नसतात. पहाटे दव वाळण्यापूर्वी त्याच डागांची खालची बाजू पाहिली असता करड्या-जांभळट रंगाची लव दिसते. उन्हे वर आल्यावर पाहणाऱ्यास ती बहुधा दिसत नाही, आणि मग “जमिनीत काही कमी पडले” असे म्हणून खताची मात्रा वाढवली जाते. केवड्याचा हा जंतू क्यूबा बेटावरील नमुन्यांवरून १८६८ मध्ये प्रथम वर्णिला गेला. शास्त्रीय दृष्ट्या तो खरी बुरशीच नव्हे. त्याचे नाते शेवाळवर्गीय जीवांशी अधिक जवळचे आहे. हा भेद केवळ पंडितांच्या उपयोगाचा नाही. भुरीवर गुणकारी असणारे गंधक केवड्यावर निरुपयोगी ठरते आणि केवड्यावरची खास औषधे भुरीला धक्का लावीत नाहीत, याचे मूळ या भेदातच आहे.

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ या द्राक्षांच्या मुलखात आणखी एक धास्ती आढळते: बांधावरच्या भोपळ्याची भुरी बागेत शिरेल. भुरी आणि केवडा ही दोन्ही नावे द्राक्षातही चालतात, म्हणून ही शंका स्वाभाविक आहे. परंतु द्राक्षाची भुरी आणणारी बुरशी वेगळी, भोपळ्याची वेगळी, आणि एकीला दुसरीच्या यजमानावर जगता येत नाही. केवड्याचीही तीच स्थिती. बागेच्या धास्तीने भोपळ्याचा वेल उपटण्याचे काहीच कारण नाही. खरा संसर्ग काकडी, दोडका, दुधी यांच्या जुन्या, माघारलेल्या वेलांकडून येतो. हे रोग जिवंत पानावरच जगतात, आणि एका वेलाचे बीजाणू वाऱ्याने दुसऱ्यावर जातात. म्हणून तोडणी संपलेला काकडीचा मांडव तसाच उभा ठेवणे हे नव्या भोपळ्याशी शत्रुत्व करणेच होय.

रोग बागेतून येत नसला तरी औषध मात्र बागेतून येते, आणि अपाय तेथेच होतो. फ्रान्समधील बोर्दो प्रांतात, वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडला जाई. त्या वेली रोगापासून वाचतात हे मिलार्दे या शास्त्रज्ञाच्या ध्यानी आले आणि १८८५ मध्ये बोर्दो मिश्रण जगापुढे आले. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, १०० लिटर पाणी हे त्याचे प्रमाण आपल्या बागायतदारांस मुखोद्गत आहे. परंतु काकडीवर्गाची कोवळी पाने तांब्याने होरपळतात. गंधकाचेही तसेच: पारा ३२ अंशांच्या वर असताना ते फवारले की पाने करपतात, आणि आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा याहून कितीतरी वर असतो. मग औषधाने करपलेले पान रोगाने करपले असे समजून दुसरी फवारणी होते, हे पाहून मनाला फार यातना होतात.

पाने आकसली, त्यांवर हिरव्या-पिवळ्या रंगांची चित्रविचित्र नक्षी उठली, कडा दातेरी झाल्या, तर तो विषाणू. त्यावर कोणतेही औषध नाही, आणि आहे असे सांगून बाटली विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मोझॅकचे विषाणू मावा काही सेकंदांच्या चाचपणीत एका वेलावरून दुसऱ्यावर पोहोचवतो. कीटकनाशकाने तो मरेपर्यंत त्याचे काम झालेले असते. असा वेल दिसताच उपटून पुरावा आणि त्याचे बी धरू नये. मोठी लागवड असल्यास रुपेरी मल्चिंग पेपर अंथरावा; त्याच्या चकाकीने मावा वेलावर उतरण्यास बिचकतो.

घरगुती उपायांची सरसकट हेटाळणी मला मान्य नाही. ब्राझीलमधील वाग्नेर बेत्तिओल यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पाण्यात मिसळलेल्या गाईच्या दुधाची आठवड्याला फवारणी झुकिनी या भोपळ्याच्या भाऊबंदावरील भुरीला आवर घालते असे दिसून आले. एक भाग दूध व नऊ भाग पाणी हे प्रमाण परसातल्या दोन-चार वेलांना परवडण्याजोगे आहे. मात्र ते भुरीच्या आरंभी, आणि केवळ भुरीवर. पाने पूर्ण पांढरी झाल्यावर त्याचा उपयोग नाही. भुरीवर फिरणारा ठिपके नसलेला पिवळा चिमुकला भुंगेरा दिसला तर त्याला मारू नये, तो बुरशीच खातो. पान खरवडणारा भुंगेरा तांबूस असून त्याच्या पाठीवर काळे ठिपके असतात.

रोगट पाने सर्वच्या सर्व खुडण्याची घाई हाही गैरसमजच. बुडाची दोन-चार जुनी पाने काढल्याने हवा खेळते, परंतु वेल उघडा पडला तर फळ उन्हाने भाजते. फळे पक्व झाल्यावर आलेली भुरी तर तशीच सोडावी, तिच्यावरील खर्च वसूल होत नाही. कोवळ्या फळाला बोट दाखवले की ते कुजते, असे आपल्या आज्या सांगत. ते फळ पिवळे पडून गळते ते बहुधा परागीभवन न झाल्याने. भोपळ्याची फुले पहाटे उमलून दुपारपूर्वी मिटतात, आणि त्याच वेळात मधमाशी नरफुलावरून मादीफुलावर जाते. सकाळी औषध मारणारा स्वतःच तिची वाट बंद करतो. फवारणी करावयाचीच तर ती सायंकाळी करावी.

निदानाविषयी संशय उरल्यास, निम्मे रोगट व निम्मे निरोगी असे ताजे पान वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात नेऊन दाखवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेले पान वाटेतच घामेजून कुजते, आणि मग तज्ज्ञासही मूळ रोग ओळखता येत नाही.