तिसऱ्या घंटेआधीचा महिना

रंगीत तालीम बिघडली की पहिला प्रयोग रंगतो, अशी नाटकवाल्यांची जुनी श्रद्धा आहे. खरं तर ती श्रद्धा कमी आणि एकमेकांना दिलेला धीर जास्त. गद्य नाटकात एखादा नट गळाला, तर दुसऱ्याकडून वाक्यं पाठ करून घेऊन वेळ मारून नेता येते. संगीत नाटकात तसं नाही. नव्या माणसाची पट्टी वेगळी निघते, पट्टी बदलली की वादक अडतात, आणि वादक अडले की सगळा गाडाच थांबतो. १९२८ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या एका थिएटरात हा गाडा जवळजवळ रोज थांबत होता. पु. ल. देशपांडे यांनी 'तीन पैशाचा तमाशा' या नावानं जे मराठीत आणलं आणि थिएटर अकादमीतर्फे डॉ. जब्बार पटेल यांनी १९७८ मध्ये जे रंगमंचावर उभं केलं, त्याच नाटकाचं हे मूळ: बर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांचा 'थ्री पेनी ऑपेरा'.

या सगळ्याची सुरुवात झाली एका वाढदिवसापासून. अर्न्स्ट योझेफ आउफ्रिख्त या तरुण नटाला निर्माता व्हायचं होतं. वडिलांनी दिलेल्या एक लाख मार्कांच्या जोरावर त्यानं श्प्रे नदीकाठचं थिएटर भाड्यानं घेतलं आणि उद्घाटनाची तारीखही ठरवून टाकली: ३१ ऑगस्ट, स्वतःचा तिसावा वाढदिवस. थिएटर होतं, तारीख होती, पैसा होता. नाटक तेवढं नव्हतं!

नाटकाच्या शोधात हिंडताना श्लिख्टर नावाच्या हॉटेलात त्याची ब्रेख्तशी गाठ पडली. ब्रेख्तनं आधी एका नाटकाची गोष्ट सांगितली, पण ते दुसऱ्याच कुणाला कबूल केलेलं निघालं. आउफ्रिख्त बिल चुकतं करून उठायच्या बेतात असताना ब्रेख्त सहज म्हणावं तसं म्हणाला, की एका जुन्या इंग्रजी नाटकाचं रूपांतर हाताशी आहे. हे जुनं नाटक म्हणजे जॉन गेचा 'बेगर्स ऑपेरा', बरोबर दोनशे वर्षांपूर्वीचा, १७२८ सालचा. चोर, भिकारी, वेश्या आणि लाच खाणारे अधिकारी हीच त्यातली पात्रं. १९२० मध्ये लंडनला त्याचं पुनरुज्जीवन झालं आणि ते काही वर्षं तुफान चाललं. ते ऐकून एलिझाबेथ हाउप्टमान या ब्रेख्तच्या सहकारी लेखिकेनं मूळ इंग्रजीवरून जर्मन भाषांतर करायला घेतलं होतं. म्हणजे हॉटेलात ज्या मालाचा सौदा झाला, त्याची पहिली मेहनत तिची. पुढे मानधनाची वाटणी झाली ती अशी: ब्रेख्तला साडेबासष्ट टक्के, वाइलला पंचवीस आणि हाउप्टमानबाईंना साडेबारा. लेखणी कुणाची आणि नाव कुणाचं, हा वाद नाटकाच्या धंद्यात सगळीकडे सारखाच दिसतो.

संगीत वाइलचंच हवं, हा ब्रेख्तचा हट्ट. आउफ्रिख्तच्या पोटात गोळा आला, कारण अठ्ठावीस वर्षांचा वाइल कानाला अवघड वाटणाऱ्या नव्या संगीतासाठी ओळखला जाई. निर्मात्यानं गुपचूप एक तजवीज केली. थिओ माकेबेन या आपल्या संगीत-संचालकाला त्यानं मूळ इंग्रजी नाटकाच्या जुन्या चाली धुंडाळून ठेवायला सांगितलं. वाइल फसला तर त्या वापरता याव्यात म्हणून! वाइलला याची कल्पना नव्हती. तो आणि ब्रेख्त तेव्हा फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बसून झपाट्यानं नाटक पुरं करत होते.

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात तालमी सुरू झाल्या आणि माणसं गळू लागली. नायिका पॉलीच्या भूमिकेसाठी कारोला नेहर ठरली होती. तिचा नवरा, कवी क्लाबुंड, क्षयानं आजारी होता. ती तालमी सोडून दावोसला त्याच्याकडे धावली. १४ ऑगस्टला तो गेला. ती परत आली, तालमीला उभीही राहिली, पण थोड्याच दिवसांत भूमिका सोडून निघून गेली. तिच्या जागी आलेल्या रोमा बानला सगळी भूमिका गाण्यांसकट चार दिवसांत उभी करावी लागली.

हे वाचताना मराठी वाचकाला १२ मार्च १९११ आठवल्याशिवाय राहणार नाही. त्या रात्री मुंबईत किर्लोस्कर मंडळीच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी वारली होती. तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो आणि तो अभिमान खोटा नाही. पण त्या दिवशी त्या घरातल्या आईची काय अवस्था झाली असेल, हे आपण सहसा विचारत नाही. कारोला नेहर निघून गेली म्हणून तिला बोल लावणं मला तरी जमत नाही.

बाकीच्यांचीही तीच तऱ्हा. भिकाऱ्यांचा म्होरक्या पीचम करायचा तो पीटर लोरे आजारी पडला. त्याच्यासाठी ड्रेस्डेनहून आणलेला एरिक पोंटो काटछाटीला कंटाळून एकदा सामान बांधून निघाला होता. ब्रेख्तची पुढे पत्नी झालेली हेलेन वायगेल हिला कुंटणखान्याच्या मालकिणीचं काम होतं. तिला अपेंडिसायटिस झाला आणि ती भूमिकाच रद्द झाली. पीचमची बायको झालेली रोझा वालेट्टी ही कॅबरेत मुरलेली बाई, पण एका गाण्याचे शब्द फारच अश्लील म्हणून ते म्हणायला तिनं साफ नकार दिला. ते गाणं गेलं. नाटक चालत नाही या खात्रीनं तिनं पुढच्या दिवसांसाठी दुसरीकडे करारही करून ठेवला होता. लूसीच्या वाट्याला आलेलं उंच पट्टीचं गाणं त्या नटीला झेपेना, तेही गेलं.

आणि नायक? मॅकहीथ झालेला हाराल्ड पाउल्सेन हा ऑपरेटांमधला लाडका नट. दरोडेखोराच्या वेशातही त्याला गळ्यात आकाशी रंगाचा टाय हवा होता. सगळ्यांनी समजावलं, तो हटेना. शिवाय आपल्या प्रवेशाला साजेसं एखादं गाणं हवं, हीही मागणी. ब्रेख्त म्हणाला, राहू दे तो टाय. त्यानं आणि वाइलनं घाईघाईत एक नवं गाणं रचलं. जर्मन जत्रांमध्ये गल्लीगायक चित्रं दाखवत खुनाच्या कहाण्या गात असत, साधारण आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीसारखं. सोबतीला हातानं फिरवायची बाजाची पेटी. त्याच ढंगात नायकाच्या खुनांची यादी सांगणारं ते गाणं. गंमत अशी, की ते नायकाच्या तोंडी नाहीच, गल्लीगायकाच्या तोंडी आहे. आकाशी टायवाला देखणा गृहस्थ समोर येतो तेव्हा त्यानं काय काय केलंय हे प्रेक्षकांना आधीच ठाऊक असतं, आणि टायच अंगावर काटा आणतो. पुढे 'मॅक द नाइफ' म्हणून जगभर गाजलेलं गाणं ते हेच. मानभावी नटाची समजूत काढण्याची याहून चांगली तऱ्हा माझ्या तरी वाचनात नाही.

आदल्या रात्रीची रंगीत तालीम पहाटेपर्यंत चालली. नाटक पाऊण तास लांब होत होतं, म्हणून उभ्या उभ्या प्रवेश कापले जात होते आणि भांडणं चालू होती. आउफ्रिख्त भेटेल त्याला विचारत होता, एखादं नवं नाटक आहे का हो तुमच्याकडे? शेवटचा घाव कार्यक्रमपत्रिकेनं घातला. जेनीचं काम करणारी लोटे लेन्या, म्हणजे वाइलची बायको. तिचं नावच छापायचं राहून गेलं होतं. एरवी शांत असणारा वाइल भडकला, ती गाणार नाही म्हणाला. शेवटी लेन्यानंच त्याला समजावलं.

३१ ऑगस्टला पडदा वर गेला. कुर्ट गेरोननं गल्लीगायक म्हणून पेटीचं हँडल फिरवलं, आणि पेटी वाजेचना! पहिलं कडवं त्याला साथीशिवाय गावं लागलं. दुसऱ्या कडव्याला वादकांनी सावरून घेतलं. वादक सातच होते, पण त्या सातांनी वीसहून अधिक वाद्यं आलटून पालटून वाजवायची होती. प्रेक्षक थंड. लग्नाचा प्रवेश आला, नायक आणि त्याचा जुना लष्करी दोस्त, आताचा पोलीसप्रमुख, यांनी तोफांचं गाणं म्हटलं आणि थिएटर एकाएकी पेटलं. टाळ्या, आरोळ्या, वन्समोअर. तिथून पुढे नाटक पडणार नव्हतं.

बर्लिनमध्ये ते शेकडो प्रयोग चाललं. कारोला नेहरनं नंतर पॉलीची भूमिका केली आणि पाब्स्टच्या १९३१ च्या चित्रपटातली पॉलीही तीच. नाझी सत्तेवर आल्यावर, १९३३ मध्ये, नाटकावर बंदी आली. ब्रेख्त, वाइल, लेन्या सगळे देशोधडीला लागले. नेहर १९४२ मध्ये सोव्हिएत कैदेत वारली. गेरोनला १९४४ मध्ये आउश्वित्झमध्ये मारण्यात आलं.

वाइल १९५० मध्ये न्यूयॉर्कला वारला. चार वर्षांनी तिथल्याच एका लहान थिएटरात मार्क ब्लिट्झस्टाइनच्या इंग्रजी रूपांतरानं हे नाटक पुन्हा उभं राहिलं आणि त्याचे अडीच हजारांवर प्रयोग झाले. त्यात जेनी होती लोटे लेन्या, वय पंचावन्न. त्या भूमिकेसाठी १९५६ मध्ये तिला टोनी पुरस्कार मिळाला. या वेळी तिचं नाव छापलेलं होतं.