तांबट आळीतले ठोके

तांब्याच्या घंगाळावरचे चकाकते ठोके नुसते शोभेचे, असंच बहुतेकांना वाटतं. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत, एखाद्या कारखान्यात थोडा वेळ बसलं की हा समज जातो.

पेशवाईत कोकणातून आलेले तांबट इथे वसले. हंडे, घंगाळी, तपेली, बंब इथूनच घरोघरी गेले. मी गेलो तेव्हा एक काका घंगाळ मठारायला बसले होते. घंगाळाचा आकार तयार होता, भट्टीत लाल तापवून तांबं मऊही केलेलं होतं. तापलं की तांबं काळं पडतं. तो थर चिंचेने घासून काढावा लागतो, मग खालचं गुलाबी तांबं उघडं पडतं. इथे कुचराई केली तर राहिलेला डाग ठोक्यांखाली आणखी पक्का होतो.

जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर भांडं टेकवायचं, एका हाताने फिरवत राहायचं आणि दुसऱ्याने हातोडी चालवायची. हातोडीचं तोंड आरशासारखं लख्ख हवं. त्यावरचा बारीक ओरखडाही प्रत्येक ठोक्यात उमटतो. ठोक्याला लागून ठोका, ओळीला लागून ओळ. काकांची नजर भांड्यावर होती, पण लक्ष आवाजाकडे. पत्रा दांड्याला नीट टेकला असेल तर ठोका खणखणीत वाजतो. मध्ये फट राहिली की आवाज बद्द येतो आणि तिथे पोचा पडतो. तसा आवाज आला की काका हात थांबवत, भांडं किंचित सरकवत आणि पुन्हा सुरू करत.

हेच मठारकाम. भट्टीत मऊ पडलेलं तांबं गार असताना ठोकलं की कडक होतं, भांडं सहजासहजी चेमटत नाही. झळाळी हा वरचा नफा.

स्टील आलं, गिझर आला आणि बंब माळ्यावर गेला. आता आळीत दिव्यांच्या शेड आणि शोभेच्या वस्तूही मठारल्या जातात. बाजारात मात्र यंत्रावर छापलेले ठोकेही हातकाम म्हणून खपवले जातात. छापाचे ठोके सगळे सारखे असतात. हाताच्या कामात एखादा ठोका कणभर मोठा, एखादी ओळ जराशी कललेली सापडतेच. घेताना भांडं उजेडात फिरवून बघा. हातचं काम दिसलं, तर घासाघीस करू नका.